वर्डप्रेसचे कॅटेगरी, मेन्यू आणि क्वेरी लूप: साइट विषयवार लावायला कितपत कामाचे?

आधीच सांगते, हा रिव्ह्यू अख्ख्या वर्डप्रेसचा, म्हणजे साइट बनवायच्या त्या सॉफ्टवेअरचा, नाही, तो लिहायला बसलं तर माणूस म्हातारा होईल. माझा प्रश्न एवढाच की साइटवर लेख साचत गेले, विषय वाढले, आता वाचकाला विषय बघून आत शिरता यावं आणि त्या विषयात नवीन काय आलंय ते न शोधता समोर दिसावं, तर त्यासाठी वर्डप्रेससोबत फुकट मिळणारी हत्यारं, म्हणजे कॅटेगरी, टॅग, मेन्यू आणि क्वेरी लूप नावाचा ब्लॉक (पानात ठेवायचा तयार तुकडा, आपण सांगू ते लेख आपोआप दाखवणारा), एवढी पुरतात का. उत्तर: पुरतात. पण मेन्यूकडून आपण जे काम मागतो ते मेन्यू करत नाही, ते क्वेरी लूप करतो, आणि हे लक्षात येईपर्यंत लोक मेन्यूशीच झटापट करत बसतात.

मी आकाशनिरीक्षणावरची एक साइट सांभाळते. ग्रह, ग्रहणं, धूमकेतू, दुर्बिणी, फोटोग्राफी असे विषय आणि लिहिणारे बरेच जण. मुद्दाम सांगतेय कारण या साइटवर "नवीन" म्हणजे काय हेच दर विषयाला वेगळं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू संध्याकाळी नुसत्या डोळ्यांनी दिसत होता तेव्हा "आज कुठे बघायचं" या लेखाचं आयुष्य जेमतेम दोन आठवडे, त्यानंतर तो नुसता संदर्भ म्हणून उरतो. याउलट "पहिली दुर्बीण कशी निवडावी" हा लेख कधीचा जुना, पण अधूनमधून दुरुस्त होतो आणि खरं तर तोच साइटवरचा सगळ्यात ताजा लेख असतो. आणि ग्रहणांचं तर विचारूच नका, १२ ऑगस्ट २०२६ च्या खग्रास सूर्यग्रहणावरचा लेख तारीख जवळ येईल तसा जास्त कामाचा, मग तो लिहिलेला कधी का असेना. हे सगळं साध्या "शेवटचा लेख सगळ्यात वर" अशा यादीत कोंबलं की दुर्बिणीवाला माणूस येतो, त्याला वरचे सगळे लेख धूमकेतूचे दिसतात, तो समजतो ही धूमकेतूंची साइट आहे, आणि निघून जातो.

आता कॅटेगरी. वर्डप्रेसमध्ये कॅटेगरीखाली कॅटेगरी ठेवता येते, टॅग मात्र सपाट, त्यांना आईबाप नाहीत. टॅग आले २००७ मध्ये २.३ व्हर्शनला, कॅटेगरी त्याच्या आधीपासूनच्या. माझं स्पष्ट मत, मेन्यूत फक्त कॅटेगरी याव्यात आणि त्याही मोजक्या, टॅगला मेन्यूत थारा देऊ नये. टॅग लिहिताना समोर रिकामी चौकट असते, ज्याला जे सुचेल ते टाइप करतो, एक जण "शनी" लिहितो, दुसरा "शनि", तिसरा "शनिची कडी", झाले तीन टॅग आणि तीन वेगळी पानं, प्रत्येकात एकेक लेख. कॅटेगरीत निदान यादी समोर येते आणि टिक करायची असते, आणि लेखक पातळीच्या युजरला नवी कॅटेगरी तयारही करता येत नाही, ते संपादक आणि त्याच्या वरच्या लोकांनाच. ही सोय मला फार आवडते, बऱ्याच जणांना ती माहीतच नसते आणि सगळ्यांना सरसकट अ‍ॅडमिन करून ठेवतात.

कॅटेगरीत काही गोष्टी अशा आहेत ज्या सुरुवातीलाच माहीत हव्यात. कॅटेगरी डिलीट केली तर आतले लेख उडत नाहीत, ज्यांना दुसरी कॅटेगरीच नाही ते डिफॉल्ट कॅटेगरीत जाऊन पडतात, त्यामुळे त्या "अनकॅटेगराइज्ड" चं नाव बदलून काहीतरी अर्थाचं ठेवा, नाहीतर उद्या तेच वाचकाला दिसतं. लेखाच्या पत्त्यात कॅटेगरीचं नाव घालायचा पर्याय निवडला असेल आणि लेख दोन कॅटेगरींत असेल, तर पत्त्यात कुठली जाते? ज्या कॅटेगरीचा आयडी लहान ती, म्हणजे जी आधी तयार केली ती. महत्त्वाची कुठली हे वर्डप्रेसला कळत नाही, मुख्य कॅटेगरी ठरवायची सोय मूळ वर्डप्रेसमध्ये नाही, एसईओचे, म्हणजे साइट सर्चमध्ये वर आणायचे, काही प्लगइन (वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) ती देतात. म्हणून मी तर म्हणते पत्त्यात कॅटेगरी घालूच नका, विषयांची मांडणी बदलायची मोकळीक राहते. आणि सगळ्यात चावणारी गोष्ट ही की लेखाचा स्लग, म्हणजे पत्त्यातलं त्याचं छोटं नाव, बदलला तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून नव्याकडे पाठवतं, कॅटेगरीचा स्लग बदलला तर मात्र असं काही करत नाही, जुनी लिंक सरळ ४०४, म्हणजे पान सापडत नाही. विषयांची नावं नंतर हवी तेवढी बदला, स्लगला हात लावायचा तर रिडायरेक्टची, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवायची, सोय आधी करून मग.

स्लगवरून आठवलं, देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी हे फार कुणी सांगत नाही. स्लगला जागा २०० अक्षरांची असते असं वाचून आपण खूश होतो, पण देवनागरीतलं एकेक चिन्ह पत्त्यात टक्केवारीच्या खुणांनी लिहिलं जातं तेव्हा त्याची नऊ अक्षरं होतात. म्हणजे हिशोबाने २२ चिन्हं, आणि त्यात काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजायचं. "दुर्बिणी" हा एवढासा शब्द, आठ चिन्हांचा, त्यातच ७२ खर्च. लांब शीर्षकाचा स्लग मध्येच तुटतो तो यामुळे. आणि ती लिंक कॉपी करून कुणाला पाठवली की टक्क्यांची माळ दिसते, बघणाऱ्याला वाटतं व्हायरस आला. कॅटेगरीचं नाव मराठी आणि स्लग छोटासा रोमन लिपीत, हा माझ्या मते सगळ्यात शहाणा मार्ग.

मेन्यूकडे येऊ. आज दिसतो तसा मेन्यू जोडायचा प्रकार वर्डप्रेसमध्ये २०१० साली ३.० व्हर्शनला आला आणि त्या मानाने तो अजून ठणठणीत आहे, कॅटेगरी उचला, यादीत टाका, ओढून वरखाली करा, झालं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ५.९ सोबत साइट एडिटर (साइटची पानं समोर बघत मांडायची जागा) आणि नॅव्हिगेशन ब्लॉक आला, त्यात हेच काम ब्लॉकच्या रूपात करायचं, थोडं किचकट आहे पण समोर जसं दिसतं तसंच बनतं. जुन्या मेन्यूत "नवीन पानं आपोआप जोडा" असा एक टिकबॉक्स आहे, त्यावर भरवसा ठेवून बसू नका, तो वरच्या पातळीच्या पेजेसना लागू होतो, कॅटेगरीला नाही. नवी कॅटेगरी केली की मेन्यूत ती हातानेच टाकायची. आणि हे बरंच आहे! आपोआप आली असती तर प्रत्येक हौशी कॅटेगरी मेन्यूत येऊन बसली असती.

मेन्यूत किती विषय ठेवावेत यावर कुणीतरी हमखास सात म्हणतो. हा सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधातून सगळीकडे पसरला, आणि तो निबंध होता माणसाच्या स्मरणात एका वेळी किती गोष्टी मावतात त्यावर. मेन्यू तर डोळ्यासमोर असतो, पाठ कुठे करायचाय. तेव्हा सात की नऊ यावर वाद घालत बसू नका, दोन शेजारच्या विषयांतला फरक नवख्या माणसाला नाव वाचून कळतो का एवढं बघा. आमच्याकडे "निरीक्षण" आणि "आकाशदर्शन" अशा दोन कॅटेगरी शेजारी शेजारी होत्या, त्यांच्यात फरक काय हे लिहिणाऱ्यांनाही सांगता येईना, मग एक केली. हे तपासायची साधी पद्धत म्हणजे कार्ड सॉर्टिंग, लेखांची शीर्षकं चिठ्ठ्यांवर लिहून साइट न पाहिलेल्या लोकांसमोर टाकायची आणि गट पाडून त्यांना नावं द्यायला सांगायचं. आपण डोक्याला ताण देऊन काढलेल्या नावांपेक्षा त्यांची नावं बरी निघतात, थोडा अपमान होतो पण चालतं.

पण मुख्य मुद्दा असा की मेन्यू म्हणजे दुकानावरची पाटी, आज कुठला माल आलाय ते पाटी सांगत नाही. मेन्यूतला "ग्रहणं" हा शब्द काल जसा होता तसाच आज. त्यात आज सकाळी लेख पडला काय किंवा वर्षभर काही पडलं नाही काय, दिसायला एकच. म्हणून मग लोक मेन्यूत "नवीन" नावाचं वेगळं टॅब टाकतात, आणि माझ्या मते हा सगळ्यात आळशी उपाय, कारण त्या टॅबमागे परत तीच एकगठ्ठा यादी असते जिच्यापासून पळायला आपण विषय पाडले होते. वाचक विषय घेऊन येतो, त्याला त्या विषयातलं नवीन हवं असतं, जगातलं सगळं नवीन नको असतं.

इथे क्वेरी लूप कामाला येतो. हा ब्लॉक जुलै २०२१ मध्ये ५.८ व्हर्शनला आला. काम साधं, अमुक कॅटेगरीतले, अमुक क्रमाने, इतके लेख या जागी दाखव. पहिल्या पानावर प्रत्येक मुख्य विषयाचा एक पट्टा, वर विषयाचं नाव, खाली त्यातला नवीन लेख मोठ्या फोटोसकट आणि त्याखाली पुढचे दोनतीन नुसती शीर्षकं. हे करायला एकाच विषयाचे दोन लूप लावायचे, पहिल्यात एकच लेख, दुसऱ्यात ऑफसेट १ म्हणजे पहिला सोडून पुढचे. कोड नाही, प्लगइन नाही, आणि नवीन लेख आला की पट्टा आपोआप सरकतो. दुर्बिणीवाल्याला दुर्बिणीतलं नवीन दिसतं, धूमकेतूचा कितीही गोंगाट असू दे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या ब्लॉकला भरभरून मार्क देईन.

आता त्याच्या खोडी. पहिली, क्वेरी लूपमध्ये वरची कॅटेगरी निवडली तर तिच्या पोटातल्या कॅटेगरींचे लेख तो घेत नाही. कॅटेगरीचं स्वतःचं पान मात्र घेतं! म्हणजे "सूर्यमाला" च्या पोटात "ग्रह" आणि "धूमकेतू" असतील आणि लेख फक्त "धूमकेतू" ला टिक केलेला असेल, तर तो सूर्यमालेच्या पानावर दिसतो आणि पहिल्या पानावरच्या सूर्यमालेच्या पट्ट्यात दिसत नाही. माहीत नसेल तर माणूस कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी पानं, साफ करत बसतो. उपाय दोन, एकतर लूपमध्ये सगळ्या पोटकॅटेगरी हाताने निवडा, किंवा लेखकांना आईला पण टिक करायची सवय लावा, पहिला उपाय बरा कारण सवयी लागत नाहीत.

दुसरी खोड, एक लेख दोन विषयांत असला तर पहिल्या पानावर दोन्ही पट्ट्यांत येतो, वर दाखवला म्हणून खाली वगळायची समज या ब्लॉकला नाही. धूमकेतूचे फोटो काढण्यावरचा लेख धूमकेतूतही आणि फोटोग्राफीतही, दोन्हीकडे मोठ्या फोटोसकट. कधीमधी चालतं, पण तीनचार लेख असे झाले की साइट ओसाड वाटायला लागते. आम्ही शेवटी नियम केला की लेखाला कॅटेगरी एकच, बाकी संबंध टॅगने. कुरकुर झाली पण पान स्वच्छ झालं.

तिसरी आणि मला सगळ्यात खटकणारी म्हणजे क्रम. छापलेल्या तारखेने किंवा शीर्षकाच्या अक्षरांनी क्रम लावता येतो, पण शेवटचा बदल कधी झाला त्याने लावायचा पर्याय मी वापरतेय त्या व्हर्शनच्या सेटिंगमध्ये नाही. गंमत म्हणजे तारखेच्या ब्लॉकमध्ये बदलाची तारीख दाखवायची सोय आहे, दाखवता येते पण त्यावरून लावता येत नाही. त्यामुळे आमचा दुर्बिणीचा लेख, नीट दुरुस्त केलेला, तळाशी. मग लोक काय करतात तर छापायची तारीखच आजची टाकतात. हे मला पटत नाही, लेखात दोन ओळी बदलून नवा म्हणून मिरवायचा आणि खालच्या प्रतिक्रिया मात्र जुन्या तारखांच्या, वाचक काय खुळा आहे का. गूगलसुद्धा साइटमॅपमधली, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीतली, बदलाची तारीख तेव्हाच मानतं जेव्हा ती सातत्याने खरी असते, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्यांना पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) येतं त्यांच्यासाठी लूपच्या क्वेरीवर फिल्टर लावायची जागा दिलेली आहे, दोनचार ओळींत बदलाच्या तारखेचा क्रम आणि पोटकॅटेगरी, दोन्ही काम होतात. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी स्टिकी.

स्टिकी म्हणजे चिकटवलेली पोस्ट. ही मूळ सोय फक्त लेखांच्या मुख्य पानापुरती, तिथे चिकटवलेला लेख वर राहतो, कॅटेगरीच्या पानावर त्याला काही किंमत नाही, तो आपल्या तारखेच्या जागीच. पण साइट एडिटरमध्ये एखाद्या ठराविक कॅटेगरीसाठी वेगळं टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, करता येतं, त्यात सगळ्यात वर एक क्वेरी लूप टाका, कॅटेगरी तीच, आणि स्टिकीच्या जागी "फक्त स्टिकी" निवडा. झालं, दुर्बिणींच्या पानावर वर "इथून सुरुवात करा" म्हणून तो दुरुस्त केलेला लेख आणि खाली बाकीचे तारखेप्रमाणे. ग्रहणांच्या पानावर पुढच्या ग्रहणाचा लेख वर. ही युक्ती मला फार उपयोगी पडली. फक्त दोन गोष्टी सांभाळा, त्या विषयात चिकटवलेला लेख नसला तर लूप रिकामा राहतो आणि वरचं "इथून सुरुवात करा" नुसतंच लटकत राहतं, म्हणून ते शीर्षक टेम्प्लेटमध्ये ठेवताना विचार करा. आणि चिकटवलेला लेख ठरलेल्या तारखेला आपोआप सुटत नाही, वर्डप्रेसमध्ये लेख पुढच्या तारखेला छापायला लावता येतो पण काढून घ्यायची तारीख देता येत नाही. ग्रहण होऊन गेल्यावर ते काढायचं कुणी, हे आधीच एका माणसाच्या गळ्यात घाला.

थोडं मेगा मेन्यूबद्दल, कारण प्रत्येकाला एकदा तो मोह होतो. मूळ वर्डप्रेसमध्ये मेगा मेन्यू नाही, आम्ही एक विकतची थीम घेऊन पाहिली, नाव घेत नाही. जाहिरातीत फार छान दिसतं, विषयावर माउस नेला की मोठा फलक उघडतो, आत त्या विषयातले नवीन लेख फोटोसकट, आणि ताज्या लेखावर "नवीन" असा लाल बिल्ला. नाव मोठं लक्षण खोटं. माउस विषयावरून फलकातल्या शेवटच्या लेखाकडे तिरका नेला की वाटेत शेजारच्या विषयाला स्पर्श होतो आणि फलक बदलतो, आपण धूमकेतू निवडायला जातो आणि उघडतं फोटोग्राफी. चांगल्या बनवलेल्या मेन्यूत या तिरक्या वाटेसाठी थोडी सवलत ठेवतात, इथे नव्हती. कीबोर्डने टॅब दाबत गेलं तर फलक उघडतच नाही, म्हणजे माउस न वापरणाऱ्यांसाठी आतलं सगळं अस्तित्वातच नाही. फोनवर माउस कुठला, तिथे पहिल्या टॅपला फलक उघडायचा की विषयाचं पान, हे त्या थीमलाही नक्की ठरवता आलेलं नव्हतं.

आणि तो लाल बिल्ला. तो लेखाची तारीख बघून सर्व्हरवर पान बनताना लागतो. आता साइटवर पेज कॅश चालू असेल, आणि असतोच, तर बनलेलं पान जसंच्या तसं ठेवून दिलं जातं आणि बिल्लाही त्यातच गोठतो. ज्या पानांना कुणी हात लावत नाही तिथे शिळ्या लेखावर "नवीन" झळकत राहतं. त्यापेक्षा सरळ तारीख दाखवावी, "१४ मार्च" कधी खोटं ठरत नाही. बिल्ला हवाच असेल तर तो वाचकाच्या ब्राउझरमध्ये हिशोब करून लागला पाहिजे.

फोनवर नॅव्हिगेशन ब्लॉक ६०० पिक्सेलच्या खाली तीन रेघांमागे लपतो, तसाच सोडला तर. आणि लपवलेला मेन्यू लोक कमी वापरतात, नील्सन नॉर्मन ग्रुपने २०१६ मध्ये तपासून हेच लिहिलं होतं, फोनवर कमी आणि मोठ्या स्क्रीनवर तर त्याहूनही कमी. म्हणूनही विषयांचे पट्टे पानातच असणं महत्त्वाचं, वाचकाने तीन रेघा कधीच दाबल्या नाहीत तरी खाली सरकताना सगळे विषय त्याच्या डोळ्याखालून जातात. मी तर ब्लॉकमधला लपवायचा पर्याय बंद करून मुख्य विषय एका ओळीत ठेवलेत, दोन ओळी झाल्या तरी चालतील.

एक छोटी पण गोड सोय राहिली. प्रत्येक कॅटेगरीच्या पत्त्यापुढे /feed जोडलं की त्या विषयाचा स्वतंत्र आरएसएस, म्हणजे नवीन लेख वाचकाकडे आपोआप पोचवणारी यादी (फीड), मिळतो, काही लावावं लागत नाही. फक्त ग्रहणांसाठी येणारा माणूस फक्त ग्रहणांचं फीड घेतो. याची लिंक विषयाच्या पानावर ठेवत कुणीच नाही, ठेवा, फुकट आहे.

कुणी घ्यावं? लेख शंभराच्या आत असतील तर एवढा खटाटोप नको, साधी यादी आणि चांगला सर्च बास. विषय चारपाचाच्या पुढे गेलेत, लिहिणारे अनेक आहेत आणि विषयांचा वेग कमीजास्त आहे त्यांनी मेगा मेन्यूवर पैसे घालायच्या आधी हे करून बघा. एखादी दुपार जाते, त्यातला मोठा भाग कॅटेगरी निस्तरण्यात, ब्लॉक लावण्यात नाही. मला पुढच्या व्हर्शनमध्ये हव्यात त्या दोनच गोष्टी, लूपच्या सेटिंगमध्ये बदलाच्या तारखेचा क्रम आणि "पोटकॅटेगरी धरा" असा एक टिकबॉक्स. पाचपैकी चार, एक तारा त्या टिकबॉक्सपायी कापला.